‘हो हो’ चालणार नाही

३ मार्च, सकाळी ६
संकल्प: रोज तीन तास अभ्यास. अणुभट्टीच्या कंट्रोल रूमचं लायसन्स यंदा घेणारच. डिप्लोमा झाला, ट्रेनिंग झालं, लेखीही पास झालो. राहिली फक्त सिम्युलेटरची परीक्षा, म्हणजे खोट्या कंट्रोल रूममध्ये खरी धांदल. दोनदा नापास झालो तो परीक्षकाचा आकस. तिसरी संधी शेवटची, २७ तारखेला. हुकली तर जन्मभर स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजायचे. पण हुकणार नाही. पाच वर्षांत शिफ्ट इन्चार्ज, मग अख्ख्या अणुवीज केंद्राचा प्रमुख. केबिनला खिडकी हवी.

४ मार्च
अभ्यास उद्यापासून. आज टाइमटेबल केलं, चार रंगांत.

९ मार्च
परीक्षकाचा जुना शेरा सापडला: ‘ऐकून घेत नाही.’ आमच्याकडे ऑर्डर मिळाली की ती शब्द न् शब्द परत म्हणायची. देणाऱ्याने ‘बरोबर’ म्हटलं की मगच बटणाला हात लावायचा. मी ‘हो हो’ म्हणतो आणि कामाला लागतो. हुशार माणसाला पोपटपंची कशाला?
बाबा म्हणाले, रोज चहाच्या वेळी मी ऑर्डर देतो, तू परत म्हण. बाबा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते, बत्तीस वर्षं लोकांचे नंबर परत म्हणण्यात गेली. त्यांना वाटतं माझंही काम तसलंच. असो, त्यांचा वेळ जाईल.

११ मार्च
बाबांनी चष्मा लावून पाच नंबरचा व्हॉल्व्ह बंद करायला सांगितला. मी हो हो म्हटलं. तर म्हणे, हो काय हो? पाच की पंधरा? चहा अर्धा टाकून उठलो. आता घरातही परीक्षक!

१५ मार्च
अभ्यास नाही. डोकं जड. बाबा जिना चढताना दोनदा थांबले, छातीवर हात ठेवून. रोज फिरायला जात जा, असा मी त्यांना सल्ला दिला. चहाला ते गुरुवारचं कसलं तरी बोलत होते. मी केबिनच्या खिडकीचा विचार करत होतो. हो हो म्हटलं.

१९ मार्च, संध्याकाळी ७
बाबा सकाळी नऊपासून इस्त्रीचा शर्ट घालून दाराजवळच्या खुर्चीत. वाटलं, मित्रांकडे निघाले असतील. मी दार लावून अभ्यासाला बसलो (सलग चाळीस मिनिटं, विक्रम!). मग डोळा लागला.
बायको कामावरून आली आणि भडकली. साडेनऊला डॉक्टरांची वेळ होती म्हणे, बाबांनी मला दोनदा सांगितलं होतं म्हणे. मला कोणी नीट सांगितलंच नाही. बाबा म्हणाले, जाऊ दे गं, त्याची परीक्षा होऊ दे, मग जाऊ. समजूतदार आहेत. शर्ट मात्र अजून बदललेला नाही.

२४ मार्च
बाबा गेले. सकाळी, चहाच्या आधी.
डॉक्टर म्हणाले, चार दिवस आधी आणलं असतं तर. त्यांना बोलायला काय जातंय! मला नीट सांगितलं नव्हतं.

३१ मार्च
२७ची परीक्षा आजच्या तारखेवर ढकलून मिळाली होती. पास झालो. एकही ऑर्डर चुकली नाही, सगळ्या शब्द न् शब्द परत म्हटल्या. ‘बरोबर’ ऐकल्याशिवाय हात हलवला नाही. परीक्षक म्हणाले, फारच सुधारलात, तयारी कोणी करून घेतली? पाणी प्यायला म्हणून बाहेर आलो आणि भिंतीकडे तोंड करून रडलो.

२ एप्रिल, गुरुवार, सकाळी ९.३०
दाराजवळच्या खुर्चीत बसलोय. इस्त्रीचा शर्ट घातलाय.
त्यांनी नीट सांगितलं होतं. दोनदा. कप खाली ठेवून, माझ्याकडे बघत. गुरुवारी साडेनऊला डॉक्टरकडे जायचंय, तू सोबत ये.
गुरुवारी साडेनऊला डॉक्टरकडे जायचंय, मी सोबत येतो.
मोठ्यांदा म्हटलं. बायको आतून आली, उभी राहिली. मी पुन्हा एकदा म्हटलं.
‘बरोबर’ म्हणायला कोणी नाही.