ट्रॉलीचे मागचे दिवे

बाबा, तुम्ही गेल्यापासून आंधळगावचं दुकान मीच चालवते. आता बरंचसं काम ट्रॅक्टरच्या जुन्या ट्रॉल्यांचे मागचे दिवे उघडून त्यांत एलईडी बल्ब बसवण्याचं असतं. साधा बल्ब कसाही जोडला तरी पेटायचा, याला प्लस-मायनस बरोबर द्यावं लागतं. जुना फ्लॅशर ठेवला तर इंडिकेटर भराभरा लुकलुकतो, म्हणून तोही बदलते. पण खड्ड्यांत आदळून हे बल्ब लवकर जात नाहीत.

मागच्या आठवड्यात ते काका ट्रॉली घेऊन आले, ज्यांची चाबी तुम्ही काढून घेतली होती. तेव्हा मी बारावी होऊन तुमच्या हाताखाली शिकत होते. धान भरून ते तुमसरच्या राइस मिलला निघालेले, ट्रॉलीला मागे एकही दिवा नाही, आणि पाणी प्यायला आपल्याकडे थांबलेले. तुम्ही ट्रॅक्टरची चाबी खिशात टाकलीत. "दिवे लावल्याबिगर जाऊ देत नाही," एवढंच म्हणालात. ते ओरडत राहिले, तुम्ही तारा जोडत राहिलात. मिलमधला त्यांचा नंबर गेला, आणि त्यानंतर ते आपल्या दुकानाची पायरी चढले नाहीत.

मी त्या ट्रॉलीचा दिवा उघडत होते, तेव्हा स्टुलावर बसून ते आपणहून सांगू लागले. त्या दिवसानंतर दोनेक वर्षांनी, सांजेच्या वेळी, एक मास्तर मोटरसायकलनं मागून त्यांच्या ट्रॉलीवर आदळले होते. जीव वाचला, पण अजून लंगडत चालतात. "दिवे बंद होते, पोरी. बल्ब गेला असन, म्या पाहिलंच नाही. तुह्या बाबानं एवढं करूनई मले अक्कल आली नाही. तवापासून अंधार पडाच्या आत मी ट्रॉली घरी आणतो."

माझ्या हातात होल्डर होता. टेपवर पांढरा दोरा गुंडाळलेला. असा जोड तुमच्याशिवाय कोणी करत नसे. बल्ब शाबूत होते. अर्थिंगची तार मात्र पत्र्याचा रंग न खरवडताच बोल्टखाली आवळलेली, आणि खाली सगळा गंज, म्हणजे दिवे कधीही बंद पडणार. आधी रंग खरवड, मग तार लाव, यावरून तुम्ही मला गिऱ्हाइकांसमोर किती वेळा बोललात. एकदा तर पान्हा हातातून घेऊन घरी पाठवलंत.

मी काकांना ती जागा दाखवली. म्हटलं, "काका, बल्ब गेला नव्हता. आमच्या बाबांचा जोड कच्चा राहिला होता."

त्यांनी वाकून गंजावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "म्या तवा लय बोंबलून राहिलो होतो, म्हणून घाई झाली असन त्याले. तू हे गावात सांगू नोको. त्यानं माही चाबी ठेवून घेतली होती, एवढंच राहू दे."

मी पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, तार लावली, दिवे पेटवून रस्त्यावर लांब जाऊन पाहिले. काका ट्रॉली घेऊन गेले. मास्तरांचं गाव मी विचारून घेतलं आहे, अजून गेलेले नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. तो गंज दिसला तेव्हा मास्तरांचा पाय मला नंतर आठवला. आधी, क्षणभर, बरं वाटलं होतं, की तुमच्याही हातून राहून जायचं.