पुढच्या खोलीचा वेढा

३ मार्च
मेहुणा आला. दोघांनी उचलून आणला, उजवा पाय प्लास्टरमध्ये. दुकानाची पाटी रंगवताना शिडीवरून पडला म्हणे. जन्मभर पाट्या रंगवतोय आणि शिडी नीट लावता येत नाही! ही म्हणाली, माझा सख्खा भाऊ आहे, तिकडे एकटा पडला तर पाणी कोण देणार, दीड महिन्याचा तर प्रश्न आहे.

पुढच्या खोलीत त्याचा पलंग लागला. माझं टेबल बाल्कनीत. त्या टेबलावर हॅनिबलनं रोमनांना घेरलं ती कॅनेची लढाई मांडलेली आहे, शिशाचे सैनिक, घोडदळासकट, एकेक माझ्या हातानं रंगवलेला. आता त्यांच्यावर कबुतरं बसणार. भटाला दिली ओसरी, दुसरं काय.

निश्चय: महिन्याच्या आत खोली परत घ्यायची. 'हत्तीपासून रणगाड्यापर्यंत' हा माझा ग्रंथ पूर्ण व्हायचाय (प्रस्तावना जवळजवळ झाली आहे). सगळ्या युगांतले सेनापती कोळून प्यालेल्या माणसाला एक लंगडा रंगारी काय जड?

५ मार्च
न लढता जिंकणं हे सर्वांत श्रेष्ठ, असं जुने चिनी सेनापती मानत. शत्रूसमोर खुर्ची टाकून बसलो. बोललो काही नाही, नुसते उसासे टाकले. शत्रू म्हणाला, भावोजी, पोट बिघडलंय का? मग आत हाक मारून हिला सांगितलं. जेवायला पेज मिळाली.

८ मार्च
नाक दाबलं की तोंड उघडतं. वेढ्याचं सगळं शास्त्र यात आलं. अलेक्झांडरनं टायर शहराला सात महिने वेढा घातला होता. मला इतकी सवड नाही. हिला सांगितलं, खर्च फार वाढलाय, संध्याकाळचा चहा आजपासून बंद. ही 'बरं' म्हणाली.

ऑफिसातून आलो तर माझा चहा बंद. शत्रूचा चालू. पेशंट आहे म्हणे.

१२ मार्च
पहिल्या महायुद्धापर्यंत आलो. डास झालेत असं सांगून शत्रूच्या पलंगाखाली मच्छर अगरबत्त्या लावल्या, जरा जास्तच. वारा फिरला. धूर सगळा आमच्या बेडरूममध्ये. १९१५ साली ब्रिटिशांनी सोडलेला विषारी वायू असाच फिरून त्यांच्या खंदकांत गेला होता, हे माझ्याच टिपणांत आहे. एकदा चाळायला हवी होती.

खोकून खोकून जीव गेला. शत्रू हसला असता तर बरं वाटलं असतं. तो ओरडत होता, ताई, भावोजींना आधी पाणी दे गं!

१७ मार्च
हॅनिबलची दुहेरी बगल, म्हणजे दोन्ही बाजूंनी घेरणं. लेकीनं अभ्यासाचं निमित्त करून डावीकडून आत शिरायचं, मी फाइली घेऊन उजवीकडून. गर्दी झाली की शत्रू स्वतःच जायचं म्हणेल. लेक वह्या घेऊन उत्साहानं आत गेली. थोड्या वेळानं डोकावलो तर पोटावर पालथी पडून मामाच्या प्लास्टरवर फुलं रंगवत होती. मामा ब्रश कसा धरायचा ते दाखवत होता. 'बाबा, तुम्ही पण एक काढा ना,' म्हणाली.

घरभेदी! वय वर्षं दहा.

२४ मार्च
आता दयामाया नाही. सैन्याचा जीव त्याच्या घोड्यांत असतो. शत्रूचे घोडे दोन: त्याच्या कुबड्या. आज एक ऑफिसात नेली आणि स्टोअरमध्ये पंपांच्या पाइपांमागे उभी केली. कुणाला हे क्रूर वाटेल, पण युद्ध म्हणजे काही भातुकली नव्हे. हालचाल बंद झाली की सैन्य माघार घेतंच.

आमच्या ऑफिसातल्या कॅशियरला योजना थोडक्यात सांगितली. तो म्हणाला, पण साहेब, घोडाच नसेल तर माघारी जाणार कसा? सिव्हिलियन लोकांना स्ट्रॅटेजी कळत नाही.

२५ मार्च
भिंतीला धरून, एका कुबडीवर बाथरूमला निघाला होता. पडला. तोच पाय. 'आई गं' करून जे ओरडला ते बाल्कनीत ऐकू आलं. मी तेव्हा एका घोड्याचा तुटलेला पाय चिकटवत होतो. डिंक वाळेपर्यंत हात सोडता येत नाही. त्यामुळे लगेच जाता आलं नाही.

हाड सरकलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन, आत सळई. आणखी तीन महिने. घरी आणायचं तर त्याच खोलीत.

करायला गेलो एक!

२९ मार्च
ही हॉस्पिटल आणि घर करतेय. मधल्या वेळात कुबडी शोधतेय. पलंगाखाली, माळ्यावर, शेजाऱ्यांकडे. मीही शोधली. कपाटाच्या मागे बराच वेळ बॅटरी मारली. ही म्हणाली, राहू द्या, तुम्ही दमाल. बरं वाटलं. घरात माझी काळजी आहे.

४ एप्रिल
गद्दारी. कॅशियर पेशंटची चौकशी करायला म्हणून घरी आला, कुबडी घेऊन! साहेब स्टोअरमध्ये विसरले होते, म्हणाला. दार हिनं उघडलं.

तो गेल्यावर हिनं फडक्यानं कुबडी पुसली, वरपासून खालपर्यंत. मी घोडदळाचं महत्त्व समजावून सांगितलं. हिनं एवढंच विचारलं, तो ओरडत होता तेव्हा तुम्ही घरातच होतात ना? म्हटलं, सेनापती आपली जागा सोडत नसतो. हिनं कुबडी उचलली आणि हॉस्पिटलला निघाली. पटलं असावं.

१० एप्रिल
विजय! संपूर्ण, निर्विवाद. शत्रू हॉस्पिटलमधून परस्पर स्वतःच्या खोलीवर गेला, दोन गल्ल्या सोडून. पुढची खोली माझी.

ही आणि लेकही तिकडेच गेल्या. दोन बॅगा आणि कुकर नेला. जाताना लेकीनं विचारलं, बाबा, तुम्ही नक्की कुणाशी लढत होता? मुलांना समजावून सांगायला वेळ लागतो. रिक्षा थांबलेली होती.

टेबल आत घेतलं. ढकलायला कुणी नव्हतं, त्यामुळे दाराच्या चौकटीत घोडदळ सगळं आडवं झालं.

२ मे
नेपोलियन मॉस्कोत पाच आठवडे झारच्या दूताची वाट बघत बसला. त्याची चूक म्हणजे उतावळेपणा. मी शांत आहे. तहाच्या अटी तयार आहेत: हिनं चूक कबूल करायची, मेहुण्यानं उंबरठा ओलांडायचा नाही, चहा दोन्ही वेळचा. फार ताणणार नाही. जेत्यानं उदार असावं.

ग्रंथाला हात लागला नाही. घरात फार शांतता आहे, त्यानं लक्ष लागत नाही. बिस्किटं संपली.

९ मे
बेल वाजली. दूत! घाईनं इस्त्रीचा शर्ट शोधला. नव्हता. तसाच गेलो. दारात लेक. म्हणाली, कंपासपेटी राहिलीय.

मी दारातच अटी सांगायला सुरुवात केली. ती म्हणाली, बाबा, आई खाली उभी आहे, उशीर होतोय. विचारलं, आई माझ्याबद्दल काय म्हणते? पोर खोटं बोलत नाही. म्हणाली, काहीच नाही. मग म्हणाली, मामा रोज विचारतो, भावोजी जेवत असतील का. त्यानंच हा डबा दिलाय. डबा माझ्या हातात देऊन धावत जिना उतरली.

बाल्कनीतून पाहिलं. हिनं लेकीचा हात धरला आणि रस्ता ओलांडला. वर बघितलं नाही.

शत्रूचं अन्न खाणं ही शरणागती की लूट, यावर तज्ज्ञांत मतभेद असू शकतात. मी लूट धरतो. उभ्यानंच खाल्लं. सगळं खाल्लं.

डबा धुवायला घेतला तर साबण कुठे ठेवतात ते माहीत नाही. सगळे कप्पे उघडून पाहिले. नुसत्या पाण्यानं तेल जात नाही. राहू दे तसाच. डबा न्यायला तरी कुणाला तरी यावंच लागेल.