मगर विधेयक, कलम सात

१२ जुलै, शुक्रवार. अकोटा, बडोदे.
नवी रोजनिशी. ही फक्त माझ्यासाठी. जगासाठी आत्मचरित्र वेगळं लिहीनच.

राज्यसभेची टर्म एप्रिलमध्ये संपते. दुसरी मिळायलाच हवी. नाही मिळाली तर काय, हा विचार मी करत नाही. काल रात्रभर केला नाही.

दिल्लीत पक्षश्रेष्ठी कामगिरी बघतात. माझी कामगिरी म्हणजे बिलं. खासगी सदस्याची विधेयकं मांडण्यात पश्चिम भारतात माझा हात धरणारा कोणी नाही. टपालपेट्यांना दरवर्षी रंग. सरकारी कचेऱ्यांत सक्तीची वामकुक्षी. केळ्यांची किमान लांबी. सगळी मीच मांडली. मांडायचं म्हणजे शुक्रवारी दुपारी, सभागृह रिकामं झाल्यावर, उभं राहून एक वाक्य म्हणायचं आणि बसायचं. चर्चा कधी होत नाही. कोणाच्या बिलावर चर्चा व्हायची ते चिठ्ठ्या टाकून ठरतं आणि माझी चिठ्ठी निघत नाही. उत्तम पद्धत. कोणाला त्रास नाही.

ते वाक्य पाठ आहे, तरी कागद हातात ठेवतो. कागद थरथरतो तो तिथल्या एसीमुळे.

संकल्प: पहाटे उठणे. निर्भय राहणे.

१५ जुलै, सोमवार.
पहाटे उठलो नाही. पाऊस होता.

दांडिया बाजारला जायचं होतं. अकोट्याच्या पुलावर गाडीच्या काचा वर घेतल्या. खाली विश्वामित्री नदी, आणि तिच्यात त्या मगरी. सारं बडोदं पुलावर थांबून त्यांचे फोटो काढतं, पोरांना उचलून दाखवतं. मला नाही आवडत. याला भीती म्हणत नाहीत, अभिरुची म्हणतात.

उलट मगरींसाठी मी जे केलंय ते कोणी केलेलं नाही. हिवाळ्यात प्राणिमित्र मंडळाच्या प्रतिमाबेननी माझा सत्कार केला, तेव्हा शाल अंगावर असतानाच मगर संरक्षण विधेयक जाहीर केलं. टाळ्या थांबेनात, म्हणून कलम सात तिथल्या तिथे सुचलं. मगर कोणाच्या घरी आली, तर ती आपल्या मर्जीनं जाईपर्यंत तिला हलवायचं नाही. माझे पीए गुणवंतभाई यांनी टाइप केलं, मी एक वाक्य म्हटलं, विषय संपला. बिल मी अजून वाचलेलं नाही. वाचायचं काय, आपलंच आहे.

१९ जुलै, शुक्रवार.
गुणवंतभाईंचा दिल्लीहून फोन. साहेब, लॉटरी लागी! मला वाटलं, खरोखरची. तर चिठ्ठीत मगर विधेयक पहिलं निघालंय. दोन ऑगस्टला चर्चा. सुरुवातीला मी अर्धा तास बोलायचं. मग इतर बोलणार, मंत्री उत्तर देणार, शेवटी विनंती करणार आणि मी बिल मागे घ्यायचं. अशीच रीत आहे.

विचारलं, आधीच मागे घेतलं तर?  गुणवंतभाई म्हणाले, साहेब, श्रेष्ठी पोते सांभळवाना छे. म्हणजे श्रेष्ठी जातीनं ऐकणार. दुसरी टर्म त्या अर्ध्या तासावर.

रात्री जेवण गेलं नाही. बायकोनं, नीरानं, ओवा दिला. हा कालच्या खमणचा परिणाम.

२३ जुलै, मंगळवार.
परवा वार्ताहर येऊन गेला. मगरींविषयी एवढी कळकळ कुठून? म्हटलं, बालपणापासून. आणि तुमच्याच घरी मगर आली तर? म्हटलं, अतिथी देवो भव, हिंडोळ्यावर बसवीन. आज फोटोसकट छापून आलं. प्रतिमाबेननी फ्रेम करून पाठवलं.

नीरा म्हणाली, हात दाखवून अवलक्षण. तिला प्रसिद्धीचं गणित कळत नाही. बँकेत नोकरी केलेली बाई, तिला एवढंच येणार.

आरशासमोर भाषणाचा सराव सुरू केला. 'माननीय उपसभापती महोदय' इथपर्यंत छान जमतं. पुढे तोंड कोरडं पडतं. हवेत दमटपणा फार.

२७ जुलै, शनिवार.
पाऊस थांबायचं नाव घेत नाही. आजव्याच्या तलावाचं पाणी नदीत सोडणार म्हणे. माझं विमान सोमवारचं. गुणवंतभाई म्हणतात, आजच नीकळो. पण लवकर गेलो तर भाषणही लवकर येईल असं वाटतं. तर्काला धरून नाही, मान्य. पण वाटतं.

२९ जुलै, सोमवार.
नदी पात्राबाहेर. विमान रद्द. अंगणात गुडघाभर पाणी. शेजारच्या तुकोजीरावांनी गच्चीवरून ओरडून विचारलं, खासदारसाहेब, सगळं ठीक ना? मी ओरडून सांगितलं, बिलकूल मजामां.

खरं म्हणजे मला बरं वाटत होतं. विमान नाही, तर भाषण नाही. दैवी योग. देव पाठीशी आहे.

३० जुलै, मंगळवार. सकाळ.
पाणी उतरलं. दारापुढच्या ओट्यावर हिंडोळ्याखाली ओंडका. नीराला म्हटलं, पुरात बघ कुठून कुठून लाकडं वाहून येतात. ओंडक्यानं डोळा मिटला.

जिन्यावर मी पुढे, नीरा मागे. दार तिनं लावलं. तेव्हापासून ती अधूनमधून माझ्याकडे बघते.

तीच तारीख. दुपार.
नीरा मगर पकडणाऱ्यांना फोन लावत होती. मी हात धरला. अगं, कलम सात! ती म्हणाली, अहो, ते बिल आहे, कायदा नाही. एक क्षण मीही चमकलो. पण फाटकापाशी प्रतिमाबेन मंडळासह हजर. हातात हार, आणि तो छापून आलेला मजकूर. मगर पकडायला आलेल्या वनखात्याच्या माणसांना त्यांनीच कलम सात वाचून परत पाठवलं. त्या माणसांनी फाटकातून वर गॅलरीत माझ्याकडे पाहिलं. मी वरून हात हलवला. साहेब स्वतःच नको म्हणताहेत, असं ते एकमेकांना म्हणाले आणि गेले.

मनात म्हणत होतो, नका जाऊ रे बाबांनो. हात मात्र हलतच राहिला. इकडे आड, तिकडे विहीर, मध्ये मी.

मी घाबरलोय. लिहून टाकलं. आता खोडत नाही.

३१ जुलै, बुधवार.
नाही, मुळीच घाबरलेलो नाही. काल रक्तदाब वाढला होता.

मगर तिथेच. तुकोजीरावांकडून गच्चीमार्गे खिचडी-कढीचा डबा आला. सोबत निरोप, तुमच्या पाहुणीला मासे चालतात का?

टीव्हीवाले आले. गुणवंतभाईंनीच दिल्लीतून पाठवले. साहेब, हा चान्स फरी नहीं मळे! पुन्हा मिळायचा नाही म्हणे. मी गॅलरीतून सहजीवनावर बोलू लागलो. बरं चाललं होतं. तेवढ्यात तिनं जबडा उघडला आणि मी जिरेनियमच्या कुंडीवर बसलो. संध्याकाळच्या बातम्यांत, 'खासदारांनी केले मगरीला वंदन.' मी हरकत घेतली नाही.

मी अहल्यामावशीकडे वासण्याला जाऊन राहतो म्हटलं. नीरा म्हणाली, जा की. पण वाट मगरीच्या शेपटीवरून जाते.

१ ऑगस्ट, गुरुवार.
विमानं सुरू झाली. आज संध्याकाळी निघालो तर उद्या दुपारी सभागृहात. श्रेष्ठींचा निरोप: वाट बघतोय. पण मगर दारात. निघणार कसा? मनातून म्हटलं, बाई, तुझे उपकार. दोन भीती एकमेकींना खातात, हे मी आज अनुभवलं.

तरी कर्तव्य म्हणून वरच्या खोलीत दार लावून सराव. डोक्यावरून चादर, म्हणजे एकाग्रता होते. खाली कसला तरी गोंगाट सुरू झाला, थाळी बडवल्यासारखा. अशा वातावरणात देशाचे कायदे करायचे? दोनदा ओरडलो, नीरा, आवाज कमी, माझा सराव चालू आहे!

मग शांतता. नीरा वर आली. घाम पुसत म्हणाली, गेली ती. नाल्यात उतरली. बॅग भरलीय, टॅक्सी सांगितलीय, आता निघा.

खिडकीतून पाहिलं. ओटा रिकामा. म्हणजे मगर माझ्या बिलानुसारच, आपल्या मर्जीनं गेली! माझ्या वैचारिक वजनाचा परिणाम. क्षणभर छाती फुगली.

मग टॅक्सी दिसली. पाचावर धारण बसली ती उठेचना. अर्धा तास. श्रेष्ठी. ते वाक्य, आणि त्यानंतरची सगळी वाक्यं. नीराला म्हटलं, एखादी गेली म्हणजे सगळ्या गेल्या असं नसतं. शेजारच्या बागेत दुसरी असू शकते. तिनं बॅग खाली ठेवली आणि स्वयंपाकघरात गेली.

गुणवंतभाईंना फोन केला. अजून बसलीय. जबडा उघडाच. दिल्लीला सांगा, प्राणांवर बेतलंय.

खोटं नव्हे. प्राणांवर बेतलंच होतं.

२ ऑगस्ट, शुक्रवार. संध्याकाळ.
उपसभापतींनी माझं नाव पुकारलं. आमच्या पक्षाच्या एकानं सांगितलं, सदस्य घरी मगरीमुळे अडकलेत. सभागृह हळहळलं म्हणे. त्यावर विरोधी बाकावरच्या एकानं उठून मोबाइल वर धरला. मगर काल दुपारीच गेलीय, हा घ्या व्हिडिओ!

तुकोजीरावांनी गच्चीवरून काढलेला. आता सगळ्या बडोद्याकडे आहे. माझ्याकडेही आला, अकरा ठिकाणांहून.

नीरा. पदर खोचलेला. एका हातात परात, दुसऱ्या हातात लाटणं. मागे, लांब उभे राहिलेले प्रतिमाबेन आणि मंडळ. नीरा परात बडवते, एक पाऊल पुढे टाकते, आणि मगरीला सांगते, चालो बेन, घणुं थयुं, हवे घरे जाओ. म्हणजे पुष्कळ झालं, आता घरी जा. मगर आधी तिच्याकडे, मग परातीकडे बघते, वळते आणि बागेतून मागच्या नाल्यात सरकते. टाळ्या. प्रतिमाबेननी कलम सातचा अर्थ तिथल्या तिथे लावलाय: मगर आपल्याच मर्जीनं गेली, नीराबेननी फक्त मर्जी करून दिली.

आणि या सगळ्याच्या वर, कुठूनसा, स्पष्ट, माझा आवाज: नीरा, आवाज कमी, माझा सराव चालू आहे!

बिल पुकारलं गेलं, मांडणारा हजर नाही, म्हणून पुढचं घेतलं. कामकाजाच्या नोंदीत माझ्या नावापुढे एकच शब्द आलाय, हशा. गुणवंतभाई म्हणाले, चालशे, साहेब, नाव तो आव्युं.

नीराला विचारलं, तुला भीती नाही वाटली? म्हणाली, वाटली ना. पण घरात दूध संपलं होतं, कोणीतरी बाहेर जायलाच हवं होतं.

५ ऑगस्ट, सोमवार.
मन स्थिर. एका व्हिडिओनं कारकीर्द संपत नसते. एप्रिल अजून लांब आहे. सकाळी नव्या बिलाचा विचार केला, मोबाइल चित्रीकरण प्रतिबंधक.

दुपारी दिल्लीहून फोन. थेट श्रेष्ठींच्या ऑफिसमधून. उभा राहिलो, घसा साफ केला, माननीय म्हणालो. पलीकडच्या गृहस्थांनी मध्येच तोडलं. त्यांना बाईसाहेबांशी बोलायचं होतं. एप्रिलच्या जागेसाठी श्रेष्ठींच्या मनात त्यांचं नाव आहे. अशी निडर माणसं पक्षाला हवीत, असं श्रेष्ठी म्हणाले.

नीरा खाली बागेत पुराचा गाळ काढत होती. मी गॅलरीतून पाहिलं. एकदा हाक मारली, तिला ऐकू गेली नाही. फोन घेऊन चार पायऱ्या उतरलो आणि थांबलो.

मग त्यांना तिचा नंबर दिला. खाली जाऊन फोन हातात देता आला असता. पण अंगणात अजून ओल आहे.