बांगडीचं माप

९ सप्टेंबर २००३
अंबडला ट्रेनिंग! विषय — स्तनातली गाठ. साहेबांनी तक्ता लावला आणि तासभर छताकडं बघून शिकवलं. आम्ही तेरा नर्सबाया वहीत माना घालून. "प्रत्येक बाईला आडोशाला घ्या, हातानं तपासा, तिलाही शिकवा." घ्या म्हणे! माझ्या उपकेंद्राला एकच खोली, अन् दाराला कडी नाही.

१६ सप्टेंबर
तीर्थपुरीच्या अलीकडच्या वस्तीवर गेले. द्वारकाबाईच्या ओट्यावर एकोणीस बाया, सासवांसकट. गाठीचं नाव काढलं की पदर तोंडाला. चांगुणाबाई तर फणकारलीच, "लेकराला पाजायची जागा ती! तिच्या मागं कशाला लागून राह्यल्या, बाई?" खरं सांगायचं तर मलाही नकोच होतं. लाज मलाही वाटते. मंग सगळ्यांना एकदमच विचारलं — कुणाला काही त्रास? सगळ्या गप. वहीत ओळीनं नावं, प्रत्येकीपुढं 'गाठ नाही'. वर मोठ्यानं वाचूनही दाखवलं! चहा मात्र फक्कड होता.

३० सप्टेंबर
रिपोर्ट गेला. एकोणीस तपासल्या, गाठ एकीलाही नाही. "शाब्बास, प्रभावती सिस्टर!" साहेब खूश.

११ जानेवारी २००४
संक्रांतीच्या बांगड्या घेऊन मैमूनाबी आल्या. बांगड्या विकून वस्तीवरच्या प्रत्येकीच्या हाताचं माप त्यांना तोंडपाठ. माझा हात दाबतादाबता हळूच म्हणाल्या, "बाई, एक बात बोलू? द्वारकाला दोनी हातात सव्वादोन बराबर यायची. औंदा उजव्यात सव्वादोनच, अन् डाव्यात अडीच बी जाईना. साबण लावला तरी न्हाई. एकाच हाताला सूज कायको?"
तक्ता आठवला. गाठ काखेपर्यंत गेली की कधीकधी त्या बाजूचा हात सुजतो. साहेबांनी हेही छताकडं बघतच सांगितलं होतं.

१२ जानेवारी
सकाळीच द्वारकाबाईकडं. सासू रानात गेल्ती. आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं. ट्रेनिंग झाल्यापासून आज पहिल्यांदा कुणाला हात लावला! शोधावी लागलीच नाही. लिंबाएवढी. काखेतही. तिनं सगळा वेळ भिंतीकडं बघितलं. मीही तिच्या तोंडाकडं बघितलं नाही.

२० जानेवारी
जालन्याला नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, हात धुतले, म्हणाल्या, "औरंगाबादला न्या, जल्दी. चार महिने आधी आणलं असतं तर—" मंग मलाच विचारलं, "गावात तपासणी झाली होती ना?"
मी हो म्हणाले.

२१ जानेवारी
काल परत येताना एसटीत विचारलंच. "द्वारकाबाई, गाठ हाताला कधी लागली?"
"पोळ्याला."
म्हणजे ओट्यावरच्या त्या दिवसाच्या आधी! "मंग तवाच बोलल्या का न्हाईत?"
"बोलणारच होते. तुमी एकट्या सापडायची वाट बघून राह्यल्ते. तेवढ्यात तुमी वहीतून वाचलं ना — द्वारकाबाई, गाठ न्हाई. म्हणलं, बरं झालं. बाईला कळतं."