ओली बाजू खाली

आप्पा, तुमची पणती खेकडे धरायला शिकतेय. उठून बसू नका, पुढचं ऐका. गळ्यात लिंग घालणाऱ्या घरची पोरगी, आणि कोकणातल्या कॉलेजात समुद्रातले जीव शिकते. वर्गात कमी, किनाऱ्यावरच जास्त. तळहातावर खेकडा ठेवून काढलेला तिचा फोटो फोनवर आला, तेव्हा तुमचा नातू, म्हणजे माझा लेक, वडवणीच्या दुकानात साखर जोखत होता. बाजाराचा दिवस, दारात गिऱ्हाइकं. संध्याकाळी मला म्हणाला, "आई, तू जा आन् घेऊन ये तिला. तुझंच ऐकती ती. धर्मापुरीचं स्थळ आलंय, त्यांना काय सांगू, पोरगी खेकडं मोजती?"

मी निघाले ती तिला आणायलाच. खोटं कशाला सांगू. पण एसटीत बसल्यापासून डोळ्यांपुढे तुमची पितळी घागर होती.

मी चौथीत आहे. ओढ्यावर पाण्याला जाते आणि घागरीत एक खेकडा घालून आणते, तो पाण्यात दम कसा घेतो ते बघायला. सकाळी तुम्ही पूजेला बसता, घागर वाकवता, आणि तो पडतो थेट तुमच्या ताम्हणात. माझ्या पाठीत दोन धपाटे बसले. आईनं घागर चिंचेनं तीनदा घासली. "उकिरड्यावर फेकून ये त्याला," म्हणालात. दुसऱ्या दिवसापासून माझा ओढा बंद. शाळा ओढ्याच्या पलीकडे होती, म्हणून शाळाही बंद. खेकडा दम कसा घेतो, ते मात्र कुणी सांगितलं नाही. तुम्हाला तरी कुठं माहीत होतं.

तर मी पोचले आणि पोरगी म्हणते, "आज्जे, आत्ता बोलायला टाइम न्हाई. ओहोटी लागलीय, संगं चल." पाणी मागं गेलेलं, सगळा खडक उघडा. पंधरा-वीस पोरंपोरी, त्यांच्या बाई, आणि पाइपाच्या चौकटी. चौकट खडकावर ठेवायची, तेवढ्या जागेत काय काय जिवंत आहे ते मोजायचं, वहीत लिहायचं, चौकट उचलायची. झालं हे कॉलेज. नात गुडघ्याएवढ्या पाण्यात वाकलेली, वही गळ्यात दोरीनं बांधलेली. मला म्हणाली बस. मला बसता येतं का कधी? पायाखाली सगळे दगड. जन्मभर रानातले दगड वेचून बांधावर टाकलेत मी, हात आपोआप चालले. लुगडं खोचलं आणि एकेक दगड उचलून कडेला लावत गेले. पोरांना जायला-यायला चांगली वाट होईल म्हटलं. सरळ ओळ लावली, तुम्ही बघून खूश झाला असता.

"आज्जे! काय केलंस गं हे?" पोरगी पाणी उडवत आली. "त्या दगडांखाली घरं हायेत खेकड्यांची! उन्हानं मरत्यात ते! ठेव माघारी सगळे."

"कुठला कुठं होता मला काय म्हाईत? दगडासारखा दगड."

"ओल बघ की. शेवाळाची बाजू वर, ओली बाजू खाली. जसा होता तस्साच."

सत्तरी उलटल्यावर नातीच्या शिव्या खात मी दगड परत लावले. कंबर मोडली. पण ओल मला बरोबर ओळखू यायला लागली, बाईसुद्धा म्हणाल्या, "आजींना वर्गात घ्यायला हवं." शेवटच्या दगडाखाली एक खेकडा होता, बोटाच्या पेराएवढा. नातीनं तो माझ्या हातावर ठेवला आणि हळूच म्हणाली, "मला न्यायला आलीस ना? पप्पानं धाडलंय ना?"

मी विचारलं, "खातीस का त्याला?"

"न्हाई गं. मोजते."

"दम कसा घेतो हा?"

तिनं सांगितलं. कवचाच्या आत, पायांच्या मुळाशी कल्ले असतात, ते ओले असतील तोवर त्याचा दम चालतो, म्हणून ओली बाजू खाली. साठ वर्षं थांबले होते मी, तिला सांगायला दोन मिनिटं लागली.

"मग मोज," म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशीच्या एसटीत एकटीच बसले.

लेकानं दुकानातूनच विचारलं, "पोरगी कुठंय?" म्हटलं, "कामावर. धर्मापुरीवाल्यांना सांग, सवड झाली की कळवू." तिसऱ्या दिवशी फोनवर तिला विचारत होता, "पाय किती असत्यात गं त्याला?" मी आत भाकरी थापत होते. हात थांबवला नाही.

हे तिच्या दहावीच्या वहीत लिहितेय, मागची पानं कोरी होती. तुमच्याकडं पोचायचं नाही, म्हणूनच सांगते. तो खेकडा मी उकिरड्यावर टाकला नव्हता. परकराच्या ओच्यात घालून ओढ्यावर नेला आणि दगडाखाली सोडला. माझ्या अंगठ्यावरचा वण बघून तुम्ही विचारलंत, तेव्हा मी विळा लागला म्हणाले. विळा नव्हता, आप्पा.