दोन कोऱ्या पाकिटांची हकिगत

ती. ख्रिसांथीमावशीस,

पाया पडायला तू समोर नाहीस, म्हणून या कागदावरच वाकतो. तुझे गुडघे कसे आहेत? बंदराच्या दमट हवेत दुखतच असतील. इथल्या चढावर तर माझेसुद्धा कुरकुरतात. मामा-मामी ठणठणीत. (म्हणजे मामा मतदानापर्यंत होता. पुढचं खाली येतंच आहे.)

गुडघ्यांमुळे तुला येणं जमेना, म्हणून मामाला मत द्यायला तू मला धाडलंस, हे मी क्षणभरही विसरलो नाही. (वाटेत एका अस्वलवाल्याबरोबर जरा भरकटलो, पण वेळेत पोचलो. अस्वल फार सज्जन होतं.) गाव तू सोडलंस तसंच आहे. चौकात चिनार, त्याच्या एका बाजूला स्टेर्गिओसचा निळा कॉफीखाना, समोर आगिसिलाओसचा हिरवा. खुर्च्यासुद्धा त्या त्या पक्षाच्या रंगाच्या. मला कुतूहल एवढंच, की माणूस मुळात निळा किंवा हिरवा होतो तरी कसा? भेटेल त्याला विचारत सुटलो. गवंडी म्हणाला, "आमच्या आजोबांनी निळ्या खुर्चीत जीव सोडला. आता आम्ही काय समोर जाऊन कॉफी प्यायची?" एक मेंढपाळ हिरवा, कारण त्याचा साडू निळा. एक जण कॉफीवर फेस नीट येत नाही म्हणून निळ्यांना सोडून आला होता, आणि त्याचं नाव अजूनही दबक्या आवाजात घेतात. एका म्हातारीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं: "असं विचारतात होय? शाळेत नाही का रे गेलास?" (गेलो होतो. थोडा.) महागाई, रस्ते, पाणी यांचं नाव एकानेही काढलं नाही.

खरी पंचाईत माझी झाली. आईकडून मी निळा, शिवाय सरपंचकीला निळ्यांचा उमेदवार खुद्द थ्रासिवुलोसमामा. पण बाबा हिरवे होते, आणि माणूस मेला म्हणून इथे त्याचा रंग जात नाही. आल्या दिवशीच आगिसिलाओसने हाताला धरून मला एका खुर्चीत बसवलं. "ही तुझ्या बापाची. तो गेल्यापासून कुणाला बसू दिलेलं नाही." मावशी, मी कुठल्याच खुर्चीत फार वेळ टिकत नाही हे तू जाणतेस, पण ही मला अगदी मापाची निघाली. मत आपल्यालाच ना, असं त्याने विचारलं. मी हो म्हणालो. संध्याकाळी मामाने विचारलं, तेव्हाही हो म्हणालो.

आता तुझ्या वेळी ही रीत होती का, ठाऊक नाही. पडद्याआड दोन्ही पक्षांचे कागद घेऊन जायचे, एक पाकिटात घालायचा, दुसरा टाकून द्यायचा. पण इथे दुसरा कुणी टाकतच नाही. तो खिशात घालून आपल्या कॉफीखान्यात दाखवायचा: बघा, शत्रूचा कागद माझ्याजवळ, म्हणजे आपला पेटीत! मग त्सिपुरो दारूचा पेला फुकट. मी आत गेलो. हिरवा उचलला की मामा आठवे. (आजवर प्रत्येक खेपेला पडलाय बिचारा, या वेळी पडलो तर पुन्हा उभा राहणार नाही, असं चर्चमध्ये बोलून बसलाय.) निळा उचलला की ती खुर्ची आठवे. बाहेरून मतपेटीशी बसलेले शाळेचे मास्तर खेकसले, "अरे ए, आत झोपलास काय?" दचकून पाकीट तसंच रिकामं चिकटवलं आणि दोन्ही कागद खिशात कोंबले. बाहेर आल्यावर उमगलं, की पुरावा दोन्हीकडचा आहे! हिरवा कागद निळ्यांना दाखवला, निळा हिरव्यांना. दोन्हीकडे पाठ थोपटून घेतली, दोन्हीकडे प्यालो.

निकाल लागला: बरोबरी. आणि दोन पाकिटं कोरी! रविवारी पुन्हा मतदान. मामा चौकात गरजत फिरतोय, "कोण तो बिनकण्याचा? सापडू दे, चिनाराला उलटा टांगतो!" त्याच्या मागोमाग मीही त्या हलकटाला शोधतो आहे. एक पाकीट कुणाचं ते मला माहीत, पण दुसरं? घास गोड लागेना.

मग काल मामीने परातीत रानभाजी भरलेली पिटा भाजली. तुकडा उचलला, तर बुडाला कागद चिकटलेले: एक निळा, एक हिरवा. (उमेदवाराच्या बायकोकडे पुरावा मागणार कोण?) मी मामीकडे पाहिलं. ती पीठ मळता मळता म्हणाली, "पिटा वरून खायची असते." मग गोळा उलटवून: "जिंकला तर सगळ्या गावाची गाऱ्हाणी घरात आणेल. हरला तर तोंड पाडून माझ्या चुलीशी बसेल. प्रचाराला लागला की सकाळी जातो तो दिवेलागणीला उगवतो. लग्न झाल्यापासून एवढी शांतता मला मिळाली नव्हती रे बाबा."

मी दुसरा तुकडा घेतला.

तुझा (बहुतेक वेळा) आज्ञाधारक भाचा,
झीसिस

ता. क. तुझं नाव अजून इथल्याच यादीत आहे. गुडघ्यांना पट्टी बांध, पण रविवारी येच आणि भावाला मत दे. मामा आरशासमोर विजयाचं भाषण घोकतो, ते मला ऐकवत नाही. आणि त्या पडद्याआड माझ्याच्याने पुन्हा काही होईल असं वाटत नाही.

ता. ता. क. मामीने पत्र वाचून घेतलं. ती म्हणते, ख्रिसांथीला म्हणावं, ये आणि चांगली राहा; थ्रासिवुलोस काही घरात नसतो. फक्त मतदानाहून येताना दोन्ही कागद आण. पाहुणी असली की मोठी परात लागते, आणि तिच्या बुडाला दोन कागद पुरत नाहीत.