तिसरा दोर नेहमी उशिरा

लंडन,
९ फेब्रुवारी १९६९

तीर्थरूप बाबांना,
सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. रेडिओतली नोकरी सोडल्याचं एडनाआत्याने तुम्हाला सांगितलं असेलच. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. दुसऱ्यांच्या नाटकांसाठी दारं आपटायची आणि नारळाच्या करवंट्यांनी घोडे पळवायचे, याचा मला वीट आला होता. आता मला हवेत ते आवाज गोळा करणार आणि लोकांना ऐकवणार.

पहिला कार्यक्रम झालासुद्धा. नाताळानंतर मी तुमच्या रुबार्बच्या शेडमध्ये टेपरेकॉर्डर घेऊन बसले होते, आठवतं? काळोखात त्या आंबट भाजीचे दांडे वाढताना कोंब तडकल्याचा तो टकटक आवाज नदीकाठच्या एका रिकाम्या गोदामात लावला. भिंतींवर लाल दांड्यांची मोठमोठी चित्रं आणि मधोमध एकच मेणबत्ती, तुमच्या शेडसारखी. एका बाईंना रडू आलं. एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन विचारलं की यातला कलाकार कोण, तुम्ही की रुबार्ब.

पुढच्या कार्यक्रमाला तुम्ही यायचंच. माझं काम तुम्ही ऐकल्याशिवाय मला ते झाल्यासारखं वाटणार नाही.

आत्याला नमस्कार. लोभ आहेच, तो रुबार्बपेक्षा थोडा जास्त माझ्यावर असावा.

तुमची,
मॅव्हिस


थॉर्नरॉइड, यॉर्कशायर,
१६ फेब्रुवारी १९६९

चि. मॅव्हिस हिला,
अनेक आशीर्वाद आणि सोबतच्या पेटीत रुबार्बची एक जुडी.

त्या गृहस्थांना सांग, कलाकार रुबार्बच. गिरणीतला लोकरीचा कचरा खत म्हणून मी घालतो, त्यामुळे थोडा मान माझाही. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. इथे माझ्या शेडमध्ये तो टकटकाट फुकट आहे आणि कुत्रंही ऐकायला थांबत नाही. लंडनला लोक तिकीट काढून रडतात.

तुला ऐकण्याचा नाद लहानपणापासूनचा. चर्चच्या मनोऱ्यातल्या सहा घंटांचे सहा दोर, त्यातला तिसरा तुला दिला तेव्हा माझा घसा कोरडा पडला सांगून सांगून, की बाई, घंटा हातांनी आणि डोळ्यांनी वाजवायची असते, आपल्या आधीच्याचा दोर खाली आला की आपला ओढायचा. तू मात्र आधीच्याची घंटा नीट ऐकणार, तिची चव घेणार आणि मग ओढणार. त्यामुळे तिसरा दोर नेहमी उशिरा. गावातले लोक त्यावर घड्याळं मागे करायचे. तुझी आई म्हणायची की पोरीला ऐकू दे, वाजवणारे पुष्कळ आहेत. आई गेल्यावर तुझी बाजू घेणारं कुणी उरलं नाही, म्हणून तू लंडनला गेलीस असं मी समजतो.

यायचं म्हणतेस ते हंगाम उरकला की बघू.

पत्र लिहीत जा. अक्षर मोठं काढ, तुझा आवाज मोठा असला तरी अक्षर मुंगीचं आहे.

तुझा,
बाबा


लंडन,
२६ एप्रिल १९७३

तीर्थरूप बाबांना,
सा. न. वि. वि.

हंगाम उरकला, असे चार हंगाम उरकले. दरम्यान तुमचं येणं झालं नाही, त्याची कारणं अशी: एकदा गुडघा, एकदा वेकफिल्डची रग्बीची मॅच, एकदा चर्चच्या छपराची गळती, आणि गेल्या खेपेला तर कोंबडी आजारी. कोंबडीला काय झालं होतं हे तुम्ही अजून कळवलेलं नाही.

माझं मात्र बरं चाललंय. कोलोनला एका ट्राम-डेपोत कार्यक्रम केला. आम्स्टरडॅमला बर्फाची लादी वितळतानाचा आवाज लावला आणि भिंतीवर तिच्यातून गाळलेला उजेड पाडला. वर्तमानपत्रवाले मला आता 'प्रायोगिक' म्हणतात. मागे 'विचित्र' म्हणायचे, म्हणजे बढती झाली.

तुम्ही येत नाही तर मीच येते. येत्या रविवारी संध्याकाळी रेडिओवर माझी अर्ध्या तासाची रचना आहे. शेफील्डच्या कारखान्यात मुक्काम करून केलेली. ती तरी ऐका आणि कशी वाटली ते खरंखरं कळवा. दुसऱ्या कुणाच्या मताची मी इतकी वाट पाहत नाही.

उत्तराची आणि कोंबडीच्या तब्येतीची वाट पाहणारी,
मॅव्हिस


थॉर्नरॉइड,
६ मे १९७३

चि. मॅव्हिस हिला,
अनेक आशीर्वाद.

कोंबडी वारली. त्या दिवशी रविवार होता, भाजलेल्या बटाट्यांबरोबर.

तुझी रचना ऐकली. फार आवडली. किती शांत! ओढ्याकाठी डुलकी घेतल्यासारखं वाटलं. माणसाचं वय वाढलं की त्याला हेच हवं असतं, आणि तुला ते कळतं याचा अभिमान वाटला. एडनाने मात्र पाचव्या मिनिटाला कान झाकून स्वयंपाकघर गाठलं. तिला संगीतातलं काही समजत नाही.

इकडचं विशेष म्हणजे यंदा रुबार्ब अगदी मुकाट वाढलं. कडाक्याच्या थंडीचा परिणाम असावा. कोकिळेनेही आमच्याकडे पाठ फिरवली आहे. नवे पाद्रीबुवा प्रवचनात नुसते पुटपुटतात, पण लोक कसे कोण जाणे, योग्य जागी हसतात. एकंदरीत जगाची बोलती कमी झाली आहे, आणि तुझ्या आत्याचा अपवाद वगळता ते बरंच झालं.

लंडनचं पुढे बघू. गुडघा आहेच.

ममता आहेच, हवापाण्यासारखी ती गृहीत धरावी.

तुझा,
बाबा


थॉर्नरॉइड,
७ ऑक्टोबर १९७४

चि. मॅव्हिसला,
एडनाआत्याचे आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या बापाला न सांगता लिहिते आहे, म्हणून आधी वाच आणि मग हस.

विल्फ ग्रीव्ह्ज गेला. तुझ्यामागे तिसरा दोर तोच ओढायचा. गुरुवारी त्याला पोचवलं. रिवाजाप्रमाणे घंटांच्या लोलकांना एका अंगाने चामड्याची टोपणं बांधली होती. तशा घंटा वाजल्या की मी अजून खिडकी लावून घेते. एक ठोका खणखणीत आणि पुढचा दबका, जणू गेलेलं माणूस पलीकडून उत्तर देतंय.

शनिवारी हेग खाटकाच्या मुलीचं लग्न होतं. नवरा आपला क्लिफर्ड, चौथ्या दोरावरचा. दोन माणसं शेजारच्या गावाहून उसनी आणली. मयताची टोपणं काढून घेणं घंटावाल्यांच्या कॅप्टनचं काम, आणि कॅप्टन म्हणजे दादा, तुझा बाप. काय झालं असेल ते तुझ्या लक्षात आलंच असेल. नवरानवरी दारात आली आणि वरून विल्फच्या मयताच्या घंटा सुरू झाल्या! बाहेर उभ्या पुरुषांनी सवयीने टोप्या काढल्या. नवरी रडायला लागली. क्लिफर्डची आई म्हणाली की हा शकुन मला बिस्किटाच्या डब्यावरूनच कळला होता. डब्याचा काय संबंध हे तिलाच ठाऊक.

वाजवणाऱ्यांना दुसऱ्याच ठोक्याला कळलं होतं. पण घंटा चालू असताना कॅप्टनखेरीज कुणी तोंड उघडायचं नाही, हा दादाचाच कायदा. बाकीचे पाचही जण एकमेकांकडे बघत शेवटपर्यंत ओढत राहिले.

आता हसून झालं असेल तर पुढचं वाच. दादा खाली आला, हेगचा हात हातात घेतला आणि म्हणाला की इतक्या खणखणीत घंटा कित्येक वर्षांत वाजल्या नव्हत्या. चेहऱ्यावर लबाडी नव्हती गं. मी त्याला ओळखते. मॅव्हिस, मला भीती वाटते. मी त्याला विचारायला गेले तर तो अंगावर येतो. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही.

तुझी,
एडनाआत्या


थॉर्नरॉइड,
९ ऑक्टोबर १९७४

चि. मॅव्हिस हिला,
अनेक आशीर्वाद.

एडनाने तुला लिहिलंच असेल, तिच्या बोटांवरची शाई मी पाहिली. त्यात काही तथ्य नाही. विल्फसारख्या माणसाला दोनदा निरोप द्यावासा वाटला, एवढंच. हेग आता मला हाडाचं मटण देतो, पण ते दिवसही जातील.

उगाच काळजी करू नये.

तुझा,
बाबा


लंडन,
१५ ऑक्टोबर १९७४

तीर्थरूप बाबांना,
सा. न. वि. वि.

यावेळी थट्टा बाजूला ठेवते. शेफील्डच्या त्या रचनेत पोलादावर पडणारे घण होते, बाबा. वीस घण आणि एक भोंगा. ती रेडिओवर लागली तेव्हा लोकांनी तक्रारीचे फोन केले. तुम्ही तिला शांत म्हणालात आणि मला वाटलं, तुम्ही माझी फिरकी घेता आहात. आठवडाभर मी ते सगळ्यांना सांगून हसले. आणि रुबार्ब तर थंडीने मुकं होत नाही, हे मला तुम्हीच शिकवलंय.

तुम्हाला ऐकू येत नाही. मला राग आलाय आणि रडूही येतंय. आवाज हा माझा धंदा. बर्फ वितळताना काय बोलतं ते मला ऐकू येतं, आणि स्वतःच्या बापाचं मला कळू नये? तुम्ही एकदा तरी माझं काम ऐकावं यासाठी मी इतकी वर्षं मागे लागले होते. कोंबडी, गुडघा, सगळं कशासाठी होतं ते आता समजलं.

ईस्टरला येते. तिसऱ्या दोराला माणूस शोधू नका.

तुमची,
मॅव्हिस


थॉर्नरॉइड,
२० ऑक्टोबर १९७४

चि. मॅव्हिस,
आशीर्वाद.

होय.

हळूहळू गेलं. आधी कोकिळा, मग पाद्रीबुवा, त्यांचं दुःख नाही. मनोऱ्यात डोळ्यांवर आणि हातांवर निभावत होतं, कुणाला कळलं नाही. पण तुझ्याकडे कसा येणार? तू काहीतरी लावणार आणि माझ्या तोंडाकडे बघत बसणार. खोटं हसायला मला जमत नाही. आणि लोक काय म्हणतील? आवाजवाल्या बाईचा बाप ठार बहिरा. पाणक्याचं घर कोरडं म्हणून तुलाच हसतील. ते मला नको होतं.

तुझं काम मला ऐकायचं होतं गं. आता ते राहिलं. त्याबद्दल पुन्हा लिहू नये.

ईस्टरला ये. विल्फच्या जागी उभी राहा आणि मेहेरबानी करून वेळेवर ओढ.

बाबा


लंडन,
११ सप्टेंबर १९७५

तीर्थरूप बाबांना,
सा. न. वि. वि.

ईस्टरला तुम्ही माझ्यावर भर मनोऱ्यात ओरडलात, त्याचं दडपण अजून उतरलेलं नाही. तिसरा दोर उशिरा, तिसरा दोर उशिरा! पस्तिशीची बाई मी, शेजारच्या गावच्या पाहुण्यांसमोर कानकोंडी झाले. तरी खाली येऊन पोर्क भरलेल्या दोन पेस्ट्र्या खाल्ल्या, म्हणजे फार लागलं नसावं.

आता कामाचं. नदीकाठच्या एका कलादालनाने मला मोठी खोली महिनाभर दिली आहे. इतकी मोठी खोली मला आजवर कुणी दिलेली नाही. तिच्यात काय आहे ते सांगणार नाही. तुम्ही पुन्हा लिहू नये म्हणालात म्हणून मी लिहिलं नाही, पण केलं आहे. तुमच्या तोंडाकडे बघणार नाही; त्या दिवशी मी तिथे नसेनच.

एडनाआत्या तुम्हाला गाडीत बसवून आणेल. तिला बरंच माहीत आहे आणि ती गप्प राहिली आहे, यावरून काम किती गंभीर आहे ते समजा. मोजे भोक नसलेले घाला, त्याला कारण आहे.

कोंबड्या ठणठणीत आहेत ना?

तुमची,
मॅव्हिस


थॉर्नरॉइड,
५ ऑक्टोबर १९७५

चि. मॅव्हिस हिला,
अनेक अनेक आशीर्वाद.

काल जाऊन आलो. लंडनच्या स्टेशनावरचा चहा अजून तसाच, भांडी धुतलेल्या पाण्यासारखा.

दारातल्या मुलीने मला बूट काढायला लावले, तेव्हा मोज्यांचं कोडं सुटलं. आत अंधार, आपल्या शेडसारखा. भिंतींवर सहा दोरांच्या सावल्या खालीवर होत होत्या. मधे ते लांबलचक ओकचं बाकडं. माणसं त्याच्यावर बसली होती, तळहात लाकडाला टेकवून, चर्चमध्ये बसतात त्यापेक्षा शिस्तीत. मला वाटलं, हे कानवाल्यांचं काम, आपण चार मिनिटं बसू आणि एडनाला चहा पाजू.

बसलो, आणि माझ्या पाठीच्या कण्यातून घंटा वर चढली. मॅव्हिस, मी तिथेच बाकडं दोन्ही हातांनी धरलं. तळपायाला मोठी घंटा, तळहाताला बारक्या. पहिली, दुसरी, आणि मग जरा थांबून तिसरी. पुन्हा पहिली, दुसरी, जरा थांबून तिसरी. उशिरा! भिंतीवरची ती सावलीसुद्धा उशिरा. यॉर्कशायरमध्ये मनोरे पुष्कळ असतील, पण दुसरीची चव घेतल्याशिवाय तिसरी न ओढणारं माणूस एकच आहे. त्या घंटा आपल्या ईस्टरच्या होत्या आणि मोठी घंटा माझी होती. एडनाने कबूल केलं की वर तुळईला रेकॉर्डिंगच्या तारा बांधायला तुझ्यासाठी शिडी तिने धरली होती, माझा गुडघा मला वर चढू देत नाही याचा फायदा घेऊन. घरभेदी कुठली!

शेजारी हिरवी टोपी घातलेल्या एक बाई होत्या. मी त्यांना सांगितलं की ही तिसरी ऐकलीत का, ही उशिरा आहे, आणि ही माझी मुलगी आहे. बहुधा फार मोठ्यांदा सांगितलं, कारण सगळी खोली वळून बघायला लागली. बघू देत. मी दालन बंद होईपर्यंत उठलो नाही. चहा राहिला म्हणून एडना गाडीभर बोलली, पण ते मला ऐकू आलं नाही. बहिरेपणाचे फायदेही आहेत.

कॅप्टनपद मी क्लिफर्डला दिलं. त्याचं लग्न मयतासारखं वाजवलं, त्याची एवढी भरपाई पुरे. हेगने काल परवा चांगल्या चॉप्स पाठवल्या.

आता तुझ्या कामाबद्दल माझं मत, तू खरंखरं मागितलं होतंस. तिसरी दुरुस्त करू नकोस. टेप कापून सरळ करतात म्हणे, तसं काही केलंस तर बाकडं मी कुऱ्हाडीने फोडीन.

नाताळला ये. तिसरा दोर कुणाला दिलेला नाही. यावेळी ओरडणार नाही. दुसरी नीट ऐक, हवा तेवढा वेळ घे आणि मग ओढ. आता दोघांच्या वाट्याचं तुलाच ऐकायचंय.

तुझा,
बाबा